नवसाचं मटण कुत्र्यांना गेलं ते साल

परवा पेन्शनच्या कामाला पौडला गेलो होतो. काम झालं, एस.टी.ला अवकाश होता, म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. शेजारच्या बाकड्यावर काही तरुण पोरं वर्तमानपत्र पसरून सरहद्दीवरच्या तणावाबद्दल बोलत होती. फौजा पुन्हा पुढे सरकल्यात, पुढारी पुन्हा गरम झालेत, वगैरे. त्यातला एक म्हणाला, "सरकार काय करायचं ते करंल. आपुन आपल्या गावापुरता बहिष्कार टाकायचा." कुणावर, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना बरोबर कळलं. मलाही कळलं. अर्धा चहा तसाच टाकून मी उठलो, आणि माझ्या गावी, माल्याला, घरी पोचेपर्यंत डोकं ठणकत होतं. बायकोने दारातच विचारलं, "आता कुणाशी भांडून आलात?" कुणाशीच नाही, म्हणालो. भांडायला हवं होतं ते राहून गेलं, त्याचाच तर राग होता.

बहिष्कार म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी गावातल्या बौद्ध वस्तीतला. मी शाळकरी असताना आमच्या लोकांनी मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं, तेव्हा गावाने तो आमच्यावर टाकला होता. दुकानातून मीठ नाही, रॉकेल नाही, मजुरीला बोलावणं नाही. माझी आई मिठासाठी पौडपर्यंत चालत जायची. तेव्हा पाकिस्तानचा जन्मही झाला नव्हता. त्यामुळे देशासाठी बहिष्कार टाकायचा असं कुणी म्हणालं, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारण मी तो दुसऱ्यांदाही पाहिलाय, आणि तो किस्सा बंगालच्या लढाईच्या, म्हणजे एकाहत्तरच्या साली घडला.

त्या साली मी पुण्याच्या तार ऑफिसातून नुकताच रिटायर होऊन गावी आलो होतो. रस्त्याच्या कडेला दोन खोल्या बांधल्या, पुढे ऐसपैस ओटा काढला. गाव मला तारमास्तर म्हणू लागलं. पूर्वी बापाला काय म्हणायचं ते इथे लिहीत नाही. सोबतीला बायको आणि दोन कुत्री. एक मादी, धनगरांच्या वाड्यावरून आणलेली. ती मेंढरांनाच भ्यायची, म्हणून धनगरांनी तिला नालायक ठरवून मला देऊन टाकलं. दुसरा तिचा मुलगा. तो कुणालाच भ्यायचा नाही आणि कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. त्यांना नावं काही ठेवली नाहीत. आम्ही त्यांना थोरली आणि धाकटा म्हणायचो, आणि घरातली सगळी अक्कल थोरलीकडे आहे असं बायकोचं मत होतं. त्यात मलाही धरून.

घराच्या कडेला जांभळाचं झाड होतं. दर रविवारी सकाळी गावचा मुलाणी त्या झाडाला बोकड टांगून मटण विकायचा. माझ्याहून थोडा लहान, बुटका, कमी बोलणारा माणूस. गाव त्याला चाचा म्हणायचं. गिऱ्हाइकांची रांग लागली तरी तो आधी थोरली-धाकट्याचा वाटा काढून द्यायचा. मग सुरी पुसायची आणि मग वजनकाटा हातात घ्यायचा. कुत्र्यांच्या रविवारची सुरुवातच तिथून व्हायची.

मुलाण्याचा मान काय असतो, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे देवाला बोकड द्यायचा तर तो मुलाण्याच्या हातूनच. बोकड हिंदूचा, देव हिंदूचा, खाणारे हिंदू, आणि सुरी मुलाण्याची. त्याने बिस्मिल्ला केल्याशिवाय जुनी माणसं मटणाला शिवत नसत. हे त्याच्या आजा-पणजापासून चालत आलेलं. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं, मलाही नाही. मी दीक्षा घेतल्यापासून देवापुढच्या बोकडांशी माझा संबंध उरला नव्हता, पण रविवारचं मटण मी चवीने खायचो.

तर त्या साली पावसाळा संपला आणि बातम्या तापायला लागल्या. पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते. साध्या पत्रालासुद्धा त्यांच्यासाठी जादा तिकीट लावावं लागे. माझ्याकडे ट्रान्झिस्टर होता, म्हणून संध्याकाळी गाव माझ्या ओट्यावर बातम्या ऐकायला जमू लागलं. ज्यांच्या ओट्याची पायरी माझा बाप कधी चढला नव्हता, ते माझ्या ओट्यावर मांडी घालून बसायचे आणि बायकोच्या हातचा चहा प्यायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

त्यात पुढे गावचा किराणा दुकानदार, पिठाची गिरणीही त्याचीच. खुर्चीत तो, बाकीचे खाली. त्याने संरक्षण समिती काढली आणि स्वतःच तिचा अध्यक्ष झाला. मुळशीचं धरण जवळ, तेव्हा शत्रूची विमानं धरणावर बॉम्ब टाकणार, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. त्यासाठी कंदिलाच्या काचांना काळा कागद लावला. तेही ठीक. पण एक दिवस मला म्हणाला, "मास्तर, कुत्री घरात कोंडा. लई भुकत्यात. वरनं गाव कुटं हाय ते कळंल." विमानात बसलेल्या माणसाला धाकट्याचं भुंकणं ऐकू जाईल, असं या माणसाला खरोखर वाटत होतं. मी विचारलं, "मग तुमची गिरणी का नाही बंद ठेवत?" सगळे हसले. तो हसला नाही. त्याने ते मनात ठेवलं असावं.

त्याच आठवड्यात बातम्या संपल्यावर तो मागे थांबला.

"मास्तर, येत्या रविवारपासनं त्याला हितं बसू देऊ नगा."

"कुणाला?"

"तुमाला ठावं हाय की."

"मला नाही ठाऊक. उघड बोला."

"मुलाण्याला. दिवस बरं न्हाईत. समितीनं ठरवलंय, त्याच्याकडनं कुनी काय घ्यायचं न्हाई."

"त्याने काय केलं?"

"त्यानं काय केलं न्हाई. पन त्यांची मानसं तिकडं हायेत न्हवं?"

मी म्हणालो, त्याची माणसं पिरंगुटला आहेत आणि बहीण पौडात दिलीय, तिकडे म्हणजे कुठे? तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला कायद्यानं कळतं, आमाला मनानं." आणि निघून गेला. मी ओट्यावर बसून त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. या माणसाच्या मनाला काय काय कळतं, हे मी लहानपणी पुरेपूर भोगलं होतं. तेव्हा दुकानात त्याचा बाप बसायचा, एवढाच फरक.

रविवारी मुलाणी आला. त्याला समितीचं कळलेलं होतं. मी म्हणालो, झाड माझं आहे, टांगा. त्याने बोकड टांगला, कुत्र्यांचा वाटा काढला, सुरी पुसली आणि उभा राहिला. एकही माणूस आलं नाही. लोक रस्त्याने जात होते, हातात पिशवी असायची, पण मान दुसरीकडे. आणि समोर दुकानदाराने कोकणातून आणलेल्या सुकटीचं पोतं उघडून ठेवलं होतं. इतकी वर्षं त्या दुकानात सुकट नव्हती. नेमका याच रविवारी देशाला सुकटीचा उपयोग झाला. गाव रांगेने सुकट घेऊन गेलं.

मी बायकोला म्हणालो, जास्तीचं घे. ती म्हणाली, "अवो, दोन माणसं आपण, खाणार किती?" तरी घेतलं. मुलाणी पानाच्या द्रोणात मटण बांधत होता. हात थांबवून म्हणाला, "मास्तर, एक सांगू? तुमच्या लोकांवर गावानं बंदी घातली व्हती, तवा आमच्या बानंबी तुमाला काय दिलं न्हवतं. गावाला भिऊन."

"माहीत आहे मला."

"मग तुमी का घेताय?"

"म्हणून तर घेतोय," मी म्हणालो.  त्याने द्रोण माझ्या हातात दिला.

उरलेलं मटण त्याने परत नेलं. पुढचे रविवारही तसेच गेले. बोकडाच्या जागी तो लहानसं करडू आणू लागला, मग तेही जड जायला लागलं. मी माझ्या परीने एक केलं. दुकानदाराच्या दुकानात पाऊल टाकायचं बंद केलं. चहा, साखर, मीठ, काड्यापेटी, सगळं एस.टी.ने पौडाहून. बायको वैतागली. "तुमच्या रागापायी मी मिठाला पौड गाठायचं व्हय?" मी म्हणालो, माझी आई चालत जायची, तुला एस.टी. आहे. त्यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मग चंपाषष्ठी आली. गावात खंडोबाचं ठाणं आहे. षष्ठीपर्यंत सहा दिवस उपास, मग भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि माणसांच्या आधी कुत्र्यांना घास. खंडोबाची कुत्री म्हणून त्या दिवशी गावातल्या प्रत्येक खरजुल्या कुत्र्याला मान. मी धर्म बदलला होता, थोरली-धाकट्याने नव्हता बदलला. ती दोघं सकाळपासून देवळाशी. मी त्यांना बांधून ठेवलं नाही. कुत्र्यांना कसली दीक्षा द्यायची.

दुसऱ्या दिवशी नवसाचे बोकड. इथे समितीची पंचाईत झाली. मुलाण्याकडून काही घ्यायचं नाही म्हटलं, मग बोकड कापायचे कुणी? समितीतली पोरं म्हणाली, त्यात काय, आम्ही कापतो. आणि त्यांनी कोयत्याच्या एका घावात बोकड पाडले. देवापुढे रक्त झालं, गुलालात पाय बरबटले, पोरांना वाटलं लढाईच जिंकली. बायकांनी पातेली चढवली. वास दरवळला तो माझ्या ओट्यापर्यंत. सहा दिवसांचा उपास, गाव भुकेलेलं.

पंगत मांडली आणि जुनी माणसं बसेनात.

धनगर वाड्यावरची एक म्हातारी, जिच्या नातवाचा नवस होता, ती ताटापुढून उठून उभी राहिली. म्हणाली, "मुलाण्याचा हात लागला न्हाई. आमच्यात ह्ये खात न्हाईत." तिचा मुलगा म्हणाला, आये, दिवस कसलं चाललेत. ती म्हणाली, "दिवस कसलंबी असूदे. माझ्या सासऱ्यानं खाल्लं न्हाई, मी खायाची न्हाई." ती उठली तसे तिच्या बाजूचे उठले. मराठ्यांतले म्हातारे आधीच कसेनुसे बसले होते, तेही उठले. म्हातारे उठल्यावर मुलगे कसे बसणार? समितीतली पोरं तेवढी राहिली, आणि बापाच्या डोळ्यांसमोर त्यांच्याही घशाखाली घास उतरेना.

पातेल्यांतलं मटण थंड व्हायला लागलं. शेवटी ते देवळामागच्या खाचरात ओतलं. गावातली सगळी कुत्री तिथे जमली, खालच्या वस्तीतलीही आली. थोरली दुपारी घरी आली ती पोट जमिनीला टेकवत. मी मनसोक्त हसलो. बायकोही हसली. किती दिवसांनी आम्ही एकत्र हसलो असू.

पण दुकानदाराचा बोकड अजून कापायचा होता. नातवाच्या जावळाचा नवस, सगळे पाहुणे आलेले. ऊन कलायला लागलं तेव्हा तो माझ्या ओट्याशी आला. मुलाणी तेव्हा माझ्याकडेच चहा पीत बसला होता. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"चाचा, चला जरा. पावनं खोळंबल्यात. मागल्या अंगानं या, म्हंजे..."

म्हंजे काय, ते त्याने गिळलं. मी विचारलं, "समिती मोडली का?"

"ती कशाला मोडंल? ते रविवारचं येगळं, मास्तर. ह्यो देवाचा मान हाय."

हे त्याने अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. रविवारी हा माणूस शत्रू, आणि नवसाच्या दिवशी त्याच्याशिवाय देव जेवत नाही. मी मुलाण्याला म्हणालो, "जाऊ नका. खोळंबू देत पाहुणे."

तो उठला, कप बायकोच्या हातात दिला. म्हणाला, "मान माझा हाय, मास्तर, त्यांचा न्हाई. त्योबी मी सोडला तर माझ्यापाशी काय ऱ्हातंय?"

आणि गेला. मागल्या अंगाने नाही गेला. भर रस्त्याने, देवळापुढून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुरी फडक्यात धरून गेला. दुकानदार त्याच्या मागून चालत होता. बोकड रीतीने कापला गेला, म्हातारे पंगतीला बसले, म्हातारीनेही खाल्लं. लोकांनी त्याच्या हाताची तारीफ केली म्हणे. मला त्या दिवशी त्याचाही राग आला होता. तो जायला नको होता, असं मला वाटत राहिलं. पण मान त्याचा होता, माझा नव्हता.

पुढच्या रविवारी तो जांभळाखाली आला. ज्यांच्या दातांत त्याच्या हातच्या मटणाचे धागे अजून अडकले असतील, ते सगळे सुकट घेऊन माझ्या घरावरून गेले. मान दुसरीकडे.

मग लढाई पेटली. ओटा रोज भरायचा. धरणावर काही पडलं नाही, गावावर काही पडलं नाही, आणि एक दिवस लढाई जिंकल्याची बातमी माझ्याच ट्रान्झिस्टरवर गावाने ऐकली. मीही टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला होता, आणि त्यात एक आशाही होती, की आता हे संपलं, आता लोक रविवारी पिशवी घेऊन येतील. दुकानदाराने पेढे वाटले. समिती बरखास्त केली, तेही माझ्या ओट्यावर, भाषण करून.

लोक आले नाहीत. बंदी उठली होती, पण सवय पडली होती. सुकट तर आता रोजच मिळायची. कुणाला विचारलं तर म्हणायचं, "न्हाई वो मास्तर, तसं काय न्हाई," आणि पुढे निघून जायचं. या "तसं काय न्हाई"ला पकडायचं कुठे? समितीशी भांडता येत होतं, तोंडावर बोलता येत होतं. याच्याशी मला भांडता येईना.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी मुलाणी रिकाम्या हाताने आला. म्हणाला, पुण्यात भाच्याचं दुकान आहे, तिकडे जातोय, घरच्यांना घेऊन. थोरलीच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मी म्हणालो, थोडं थांबा, लोक येतील. तो म्हणाला, "गावानं जा म्हटलं असतं तर भांडलो असतो, मास्तर. कुनी काय म्हणतच न्हाई. रविवारी झाडाखाली उभं ऱ्हायचं आन् घरी जायचं. आता आंगात जोर न्हाई." त्याच्या बापजाद्यांची हाडं या गावच्या मातीत होती. मी त्याला एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो. रस्त्यात भेटलेल्या चार माणसांनी विचारलं, "काय चाचा, कुटं निगाला?" अगदी प्रेमाने विचारलं.

त्या संध्याकाळी ओटा नेहमीसारखा भरला होता. बातम्या चालू होत्या. कुणीतरी म्हणालं, मुलाणी गेला गाव सोडून. दुकानदार खुर्चीत सरकून बसला, हळहळल्यासारखं च्च केलं आणि म्हणाला, "आमी कुटं त्याला जा म्हटलं व्हतं?"

मी ट्रान्झिस्टर बंद केला.

"उठा," म्हणालो.

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला, बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही.

"माझ्या ओट्यावरून उठा. मी तुम्हाला जा म्हणतोय. तोंडाने म्हणतोय, सगळ्यांदेखत. उद्या कुणी विचारलं तर तुम्हाला सांगता येईल, मास्तर जा म्हणाला."

 माझ्या आवाजाने बायको दारात आली होती. मग तो उठला, वहाणा पायात घातल्या, आणि पायऱ्या उतरला. त्याच्या मागोमाग बाकीचेही एकेक करून उतरले. मी त्यांना काही म्हटलं नव्हतं, तरी उतरले. त्यानंतर बरेच दिवस बातम्या मी एकट्यानेच ऐकल्या.